पन्नासपैकी किती?

आधीच सांगून टाकतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विषय होता, पण आठवड्यातून चारच तास, आणि त्यातला एक तरी पी.टी.ला जायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला धरा, मला सोडा! इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण हा लेख ज्याच्याबद्दल आहे तो इंग्लिश सेक्शनची पानं भराभर उलटतो आणि मराठीपाशी येऊन थांबतो. म्हणून इथे.

गोष्ट मार्कांची आहे. हॉस्टेलवर मार्कांच्या गोष्टी कमी नसतात. सबमिशनच्या आठवड्यात तर सगळी विंगच एकमेकांची जर्नल्स पुढ्यात घेऊन बसलेली असते. पण ही गोष्ट माझ्या कमी मार्कांची नाही, जास्त मार्कांची आहे. टीईच्या मिनी प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूमध्ये मला पन्नासपैकी ४४ पडले. माझ्या रूम पार्टनरला २९. प्रोजेक्ट एकच, ग्रुप एकच, टेबल एकच, दिवसही एकच!

त्याला आम्ही सगळे 'डिप्लोमा' म्हणतो. बार्शीकडच्या एका गावातून पॉलिटेक्निक करून तो डायरेक्ट सेकंड इयरला आला. पहिल्या आठवड्यात कोणीतरी हाक मारली, "ए डिप्लोमा, जागा आहे का रे इथे?" आणि तेच नाव पडलं. त्यालाही ते आवडतं असं आम्ही धरून चाललो. त्याला कधी विचारलं मात्र नाही.

आमचा प्रोजेक्ट हॉस्टेलच्या टाकीचा. हिंजवडीत राहणाऱ्याला टँकर काय असतो ते सांगायला नको. सकाळी सातला तोंडाला साबण लावून उभं राहिलं की नळाचा फुसफुस आवाज येतो आणि पूर्ण मजल्यावरून एकच आरोळी उठते, "मामा, पाणी!" म्हणून आम्ही चौघांनी ठरवलं की गच्चीवरच्या टाकीत सेन्सर बसवायचा. पाण्याची पातळी मोबाइलवर दिसेल आणि टँकर कधी मागवायचा हे आदल्या रात्रीच कळेल.

नेटवर असे प्रोजेक्ट ढिगाने सापडतात. एक ईएसपी३२ बोर्ड, एक एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर, थोडा कोड, झालं. पासोड्या विठोबाच्या मार्केटमधून सामान आणलं आणि संध्याकाळपर्यंत बादलीवर चालवूनही दाखवलं. आमच्या दृष्टीने प्रोजेक्ट संपला होता. मी पीपीटीला लागलो.

डिप्लोमाच्या दृष्टीने तो तेव्हा सुरू झाला. सेन्सर टाकीत बसवल्यावर रात्री काहीही आकडे यायला लागले. तो टॉर्च घेऊन गच्चीवर गेला आणि बघतो तर बंद टाकीतल्या वाफेने सेन्सरवर थेंब धरलेले. मग तो वॉटरप्रूफ सेन्सर घेऊन आला. त्याची वेगळीच भानगड. साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसतच नाही. म्हणजे टाकी काठोकाठ भरली की सेन्सर आंधळा! यावर त्याने झाकणाला भोक पाडून वर पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा उभा केला आणि सेन्सर त्याच्या टोकाला बसवला. पुढे दुपारचं आणि पहाटेचं रीडिंग जुळेना. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, डिग्रीला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. दहा डिग्रीच्या फरकाला दीड मीटरवर दोन-अडीच सेंटिमीटरची चूक. त्याने तापमानाचा सेन्सर जोडून तेही कोडमध्ये घेतलं. हे सगळं एका दोनशे पानी वहीत तारीख-वेळेसकट लिहिलेलं. अक्षर सुंदर, भाषा मराठी.

रिव्ह्यूच्या दिवशी मी टाय लावला होता. बारा स्लाइड्स, त्यात दोन ॲनिमेशनवाल्या. सात मिनिटं मी अस्खलित बोललो. मग समोरच्या सरांनी एकच प्रश्न विचारला, टाकी पूर्ण भरल्यावर सेन्सरचं काय होतं? मला माहीत नव्हतं. पण कॉन्व्हेंटने एक गोष्ट पक्की शिकवली आहे, काही माहीत नसलं तरी वाक्य अर्धं सोडायचं नाही. मी म्हणालो, "सर, अवर सिस्टिम इज गिव्हिंग व्हेरी गुड ॲक्युरसी इन ऑल कंडिशन्स." सरांनी मान हलवली. डिप्लोमा शेजारून म्हणाला, "सर, ॲक्च्युअली देअर इज... ब्लाइंड... म्हणजे सेन्सर इज नॉट..." आणि अडकला. सरांनी घड्याळ बघितलं. बाहेर अजून अकरा ग्रुप उभे होते. "ओके, नेक्स्ट."

४४ आणि २९.

त्या रात्री मी त्याला म्हणालो, "यार, अनफेअर आहे हे." तो वही बॅगेत घालत होता. म्हणाला, "आरं, तू चांगलं बोललास की. मला कुठं येतंय." बस, एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याचं मार्कशीट घरी कोण बघतं, हे मला माहीत होतं. फर्स्ट क्लास राहिला तरच पुढचं पाऊल टाकता येईल अशी त्याची परिस्थिती आहे. मला १५ मार्क कमी पडले असते तर पप्पा फार तर फोनवर दोन मिनिटं बोलले असते.

पुढच्याच आठवड्यात डिपार्टमेंटमध्ये नोटीस लागली. प्रोजेक्टच्या मूल्यमापनासाठी रुब्रिक तयार करायचं आहे, विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी हवेत. माझं इंग्लिश चांगलं म्हणून माझं नाव गेलं. (हसू नका.)

आता हे रुब्रिक काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगतो. भारताची एनबीए, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था, जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डची कायम सदस्य झाली. तेव्हापासून नुसता सिलॅबस पूर्ण झाला म्हणून भागत नाही, मुलाला शेवटी काय करता येतं ते दाखवावं लागतं. त्यासाठीची 'प्रोग्रॅम आउटकम्स'ची यादी बराच काळ बारा कलमांची होती. दर दुसऱ्या लॅबच्या भिंतीवर ती फ्रेम करून लावलेली आपण बघतो आणि तिच्याखाली सेल्फी काढतो. तिच्यातलं नववं कलम एकट्याने आणि टीममध्ये काम करण्याचं, दहावं संवादाचं. आपल्या विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये तर फर्स्ट इयरलाच प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग आलं. थिअरीच्या पेपरला मॉडेल आन्सर असतं. प्रोजेक्टला ते कुठून आणणार? प्रत्येकाचा वेगळा. म्हणून तक्ता करायचा. डाव्या बाजूला निकष, वरच्या बाजूला पातळ्या, आणि प्रत्येक चौकटीत त्या पातळीचं काम कसं दिसतं याचं वर्णन. हा तक्ता म्हणजे रुब्रिक. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लाल माती, म्हणजे आपला गेरू. जुन्या हस्तलिखितांत मथळे लाल शाईने लिहायचे, त्यावरून तो शब्द आला.

मी आणि दुसरी प्रतिनिधी कँटीनमध्ये बसलो आणि दोन कटिंगमध्ये पहिला ड्राफ्ट संपवला. सादरीकरण १५, रिपोर्ट १५, चालू मॉडेल १०, नावीन्य ५, प्रश्नोत्तरं ५. चौकटींमध्ये 'उत्कृष्ट', 'चांगले', 'समाधानकारक', 'सुधारणेस वाव'. सादरीकरणाच्या सगळ्यात वरच्या चौकटीत मी लिहिलं, 'आत्मविश्वासाने, न अडखळता, प्रभावी इंग्रजीत मांडणी करतो'. दिसायला एकदम प्रोफेशनल!

मॅडमनी तो वाचला आणि मला म्हणाल्या, "तुझ्या स्वतःच्या ग्रुपवर चालवून बघ आणि उद्या ये."

रात्री रूमवर बसून चालवला. प्रामाणिकपणे, बरं का. मला १४, १३, ९, ४, ३, म्हणजे ४३. डिप्लोमाला ४, ८, ९, ४, ५, म्हणजे ३०. कॉलेजने तक्त्याशिवाय जे केलं होतं तेच मी तक्ता करून केलं होतं, फक्त आता ते छापील दिसत होतं. तक्ता कोणाचा? माझाच. मला जे येतं त्याला जास्त मार्क आणि मला जे येत नाही त्याला पाच. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. हेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी लाल पेनने (हा आला गेरू!) फक्त दोन शब्द खोडले, 'न अडखळता'. म्हणाल्या, "अडखळणं हा इंजिनिअरिंगमधला दोष नाही. आणि 'उत्कृष्ट' म्हणजे काय, ते मला दिसेल असं लिही." मग त्यांनी थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. त्याने १९२० मध्ये दाखवून दिलं होतं की लष्करातले अधिकारी हाताखालच्यांना गुण देताना एका गोष्टीचा प्रभाव दुसरीवर पडू देतात. माणूस दिसायला रुबाबदार असला की तो हुशार आणि विश्वासूही वाटायला लागतो. माझा टाय मला तेव्हा आठवला.

रुब्रिकला मराठीत काय म्हणायचं ते बघायला लायब्ररीत शब्दकोश काढला. 'निकष' हा शब्द आपण रोज वापरतो, पण मुळात तो एका दगडाचं नाव आहे हे मला माहीत नव्हतं. सोन्याचा कस बघायचा काळा दगड, म्हणजेच कसोटी. रूमवर येऊन हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं, तर डिप्लोमा म्हणाला, "मी बघितलाय की. ॲडमिशनच्या टायमाला आईच्या पाटल्या मोडल्या तवा." मग त्याने सगळं सांगितलं. सराफ पाटलीची नक्षी बघत नाही. ती दगडावर घासतो, रेघ उमटते. शेजारी ज्याचा कस माहीत आहे अशा सोन्याची दुसरी रेघ काढतो. दोन्हींवर ॲसिड लावतो आणि मग काय बोलायचं ते बोलतो. "दागिन्याकडं न्हाई लका, रेघंकडं बघत्यात," तो म्हणाला.

त्या रात्री मी दुसरा ड्राफ्ट लिहायला घेतला. तो असा झाला.

एक, स्वतःचं काम समजलं आहे का, १५ मार्क. टेबलापाशी प्रत्येकाला एकेकट्याला दोन प्रश्न. वरच्या पातळीचं वर्णन: 'एखादा भाग बदलला किंवा काढून टाकला तर काय होईल ते कारणासह सांगतो, आणि आपलं मॉडेल कुठे चालत नाही तेही सांगतो.' उत्तर मराठी, हिंदी, इंग्रजी कुठल्याही भाषेत चालेल. दोन, चालू मॉडेल आणि चाचणीच्या नोंदी, १०. तीन, चुका शोधणं आणि डिझाइन का बदललं याची वही, १०. वहीला तारखा हव्यात, भाषा कुठलीही. चार, टीममधला वाटा, ५. पाच, रिपोर्ट, ५. रिपोर्टचे मार्क का उतरवले ते उघड आहे. आता चॅटजीपीटीला सांगितलं की साठ पानांचं ब्लॅक बुक चहा येईपर्यंत तयार होतं. सहा, सादरीकरण, ५. ते शून्य करायचा मोह झाला होता. मॅडम म्हणाल्या, नको, आपलं काम दुसऱ्याला समजावून सांगता येणं हेही इंजिनिअरचं कामच आहे. फक्त ते एवढ्या वजनाचं नाही.

हाही आमच्या ग्रुपवर चालवला. डिप्लोमा: १४, ९, ९, ४, ५, २. एकूण ४३. मी: ७, ९, ४, ३, ५, ५. एकूण ३३.

खोटं कशाला बोलू, तो कागद मी दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. पहिला ड्राफ्ट दुरुस्त करून दिला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं. शब्द बदलायचे, वजनं तीच ठेवायची. दुसरा रिव्ह्यू महिन्यावर होता आणि त्यात मीही बसणार होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फेज वनच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी गळ्यात आयडी अडकवलेले दोघं जण अप्रेझलवर बोलत होते. हिंजवडीत ही चर्चा तुम्ही पण ऐकली असेल, मार्च-एप्रिलमध्ये दुसरं काही ऐकूच येत नाही. एक म्हणत होता, "कोड सगळा माझा, क्लायंटसमोर प्रेझेंट केलं त्याने, रेटिंग त्याला." दुसरा म्हणाला, "असंच असतं रे." म्हणजे आत्ता आमच्या लॅबमध्ये जे चाललं आहे तेच पुढे रस्ता ओलांडून फेज टूपर्यंत जाणार आहे, आणि त्यातला 'तो' मी असणार आहे. त्या रात्री मी कागद ड्रॉवरमधून काढला आणि सकाळी नेऊन दिला.

स्टाफ मीटिंगमध्ये आक्षेप आले, आणि सगळेच काही चुकीचे नव्हते. एक सर म्हणाले, एकेकट्याला प्रश्न विचारायचे तर वेळ कुठून आणायचा? खरंच होतं. म्हणून स्लाइड्स पाचवर आणल्या आणि तो वेळ प्रश्नांना दिला. दुसरे सर म्हणाले, वीस वर्षं शिकवतोय, पाच मिनिटांत ओळखतो कोणी काम केलंय ते. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्ही आणि मी एकाच ग्रुपला वेगवेगळे मार्क देऊन बघू या." मागच्या वर्षीचे तीन प्रोजेक्ट काढले. पहिल्याच ग्रुपला दोघांच्या मार्कांत नऊचा फरक पडला. मग बसून बोलले की तुम्ही या चौकटीत का टाकलं आणि मी त्या का. तिसऱ्या ग्रुपपर्यंत फरक तीनवर आला. सराफाची शेजारची रेघ म्हणजे हेच असावं. नुसता तक्ता छापून वाटला की काम झालं असं नाही. तपासणाऱ्यांनी आधी एकच नमुना मिळून घासून बघावा लागतो. आणि तक्ता मुलांच्या हातात प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच द्यायचा, निकालाच्या दिवशी नाही, हेही तिथेच ठरलं.

भाषेवरून मात्र बराच वाद झाला. "मुलं मराठीत उत्तरं द्यायला लागली तर इंटरव्ह्यूत काय करतील?" मला हा प्रश्न पटतो. पण इंटरव्ह्यूची तयारी वेगळी आणि सेन्सर समजला आहे की नाही हे बघणं वेगळं. निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१ पासून कॉम्प्युटरची एक बॅच मराठीतून सुरू झाली. इथून फार लांब नाही ते. तिथे पूर्ण डिग्रीची गोष्ट होती, आम्ही दोन प्रश्नांची परवानगी मागत होतो. शेवटी मिळाली.

एक गोष्ट मात्र कुठल्याच चौकटीत बसली नाही. रिव्ह्यूच्या आदल्या रात्री शेजारच्या ग्रुपचा बोर्ड जळला होता. डिप्लोमा त्यांच्या रूमवर जाऊन पहाटे तीनपर्यंत सोल्डरिंग करत बसला. ईएसपी३२ ला सेन्सरचे पाच व्होल्ट थेट दिले होते, दोन रेझिस्टर टाकून ते कमी करायचे असतात, हे त्याने त्यांना समजावलं. याला मार्क कुठे? मी म्हणालो, टीममधला वाटा या निकषात टाकू. तर मॅडम म्हणाल्या, ते टाकलंस की पुढच्या वर्षी मुलं मार्कांसाठी मदत करतील आणि सह्या गोळा करत फिरतील. पटलं. तक्त्याखाली एक मोकळी ओळ ठेवली, 'इतर नोंद'. तिला मार्क नाहीत.

पुरुषोत्तम करंडकाचं २०२२ साली काय झालं ते नाटकवाल्यांना आठवत असेल. अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही, एकही एकांकिका त्या दर्जाची वाटली नाही म्हणून. पुण्यात केवढी चर्चा झाली! मला दोन्ही बाजू कळतात. दर्जा आधी ठरलेला असला की 'कोणालाच नाही' असंही म्हणता येतं. पण तो दर्जा म्हणजे नक्की काय, हे स्पर्धेत उतरणाऱ्याला आधी माहीत असायला हवं ना! नाहीतर तो फक्त कोणाचं तरी मत राहतो, मग ते कितीही जाणकाराचं असो.

दुसरा रिव्ह्यू झाला. तेच टेबल, समोर दुसरे सर. डिप्लोमाला एकट्याला विचारलं, "हा पाइप वर कशाला काढला?" तो एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. मी बाजूला खुर्चीवर बसलो होतो, माझी पाळी झाली होती. मग त्याने वही उघडली आणि मराठीत सुरू झाला. ब्लाइंड झोन, इको, टेम्परेचर हे शब्द इंग्लिश, बाकी सगळं बार्शीचं. सर पुढे वाकून ऐकत होते. दोनाचे पाच प्रश्न झाले. मध्ये तो तीनदा अडखळला, कोणी घड्याळ बघितलं नाही.

त्याला ४२ पडले, मला ३६. माझे तीन वाढले, कारण त्या महिन्यात मी पण गच्चीवर जायला लागलो होतो. पहिल्या रिव्ह्यूचे मार्क मात्र बदलले नाहीत, ते जाऊन चुकले होते. माझे ४४ अजून तसेच आहेत, आणि त्याचे २९ पण. दोन्हींची सरासरी काढली तर अजूनही मीच पुढे आहे. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग पार्टी दे की." दिली. मेसला सुट्टी होती, वडापाव खाल्ला.

येत्या टर्मला तुमच्या हातातही तो तक्ता येईल. टाकून देऊ नका. आपला ग्रुप त्यावर घासून बघा, स्वतःलाही घासून बघा. एखादी चौकट चुकीची वाटली तर मॅडमकडे जा, त्या लाल पेन घेऊन बसलेल्याच असतात. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कोणाला 'डिप्लोमा' म्हणत असाल, तर एकदा विचारून बघा त्याला ते चालतं का. मी विचारलं. तो म्हणाला, "चालतंय, पण नावबी हाय मला."

आता मी नावाने हाक मारतो. इथे छापू नकोस म्हणाला, म्हणून छापत नाही.

– टीई, ए डिव्हिजन, मुलांचे वसतिगृह